लागतो, पण जातो

वीज कंपनीच्या एका पत्राला मी सत्तावीस दिवस उत्तर दिलं नाही. खेडच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांकडून पत्रलेखन घटवून घेतलेल्या माणसाच्या हातून असं व्हावं, हे मला स्वतःलाही पटत नाही. पण पत्रच तसं होतं. त्यात लिहिलं होतं : 'आपल्या नावे असलेल्या मीटरवर गेल्या पाच महिन्यांत एकही युनिट नोंदले गेलेले नाही. आपण विजेचा वापर करता किंवा कसे, याचा लेखी खुलासा तीस दिवसांच्या आत करावा. न केल्यास जोडणीची आवश्यकता नाही असे समजून ती काढून घेण्यात येईल.'

किंवा कसे!

याच कंपनीच्या याच कचेरीत मी त्याआधी तीन अर्ज दिले होते. तिन्ही अर्जांत एकच गोष्ट लिहिली होती, की आमच्या घरात छताला जो एकुलता एक दिवा आहे तो लागतो, पण मध्येच जातो. ज्याचा दिवा जातो तो विजेचा वापर करत असलाच पाहिजे, हे चौथीतल्या मुलाला कळेल. कंपनीला कळलं नाही. मी पत्र घडी करून शब्दकोशात ठेवलं आणि रागाच्या भरात कुठल्या पानात ठेवलं ते विसरलो.

दिव्याची हकीकत अशी. चिंचवड स्टेशनजवळ आमच्या नऊ खोल्यांच्या ओळीला घरमालकानं दिवाळीच्या आधी वीज घेतली. कंत्राटदाराच्या माणसांनी चार दिवसांत नऊ बिऱ्हाडांच्या भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवरून तारा नेल्या, प्रत्येकाच्या दाराशी एक मीटर आणि छताला एक दिवा लावून दिला. पहिल्या संध्याकाळी सगळी ओळ आपापल्या दिव्याखाली उगाचच बसून होती. मीही बसलो. मला त्या दिव्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. अपेक्षा होत्या त्या आमच्या घरातून.

आमच्या घरातून, म्हणजे जिला ओळीतले सगळे इंदुताई म्हणतात, तिनं सातवीच्या फायनलचा फॉर्म भरला होता. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. महिला मंडळाच्या बालवाडीत बाईंची जागा निघणार होती आणि त्या जागेला सातवी पास हवी होती. लग्नाच्या वेळी हिची शाळा पाचवीत सुटली. सोडवणारा मी. त्यामुळे फॉर्मबद्दल मी काही बोललो नाही. दिवसभर हिचा घरकामात जायचा, अभ्यास व्हायचा तो संध्याकाळी सातनंतर. कंदिलाच्या उजेडात हिला एकाचा आकडा आणि नवाचा आकडा सारखाच दिसे. गणितात हे परवडत नाही. म्हणून दिवा हवा होता.

आणि दिवा जायचा.

एखाद्या आठवड्यात आठच्या ठोक्याला जायचा. मग पुढचा सगळा आठवडा संध्याकाळी लागायचाच नाही. त्यानंतर एकदम शहाण्यासारखा साडेदहापर्यंत जळायचा. आम्ही म्हणायचं, सुधारला. की पुन्हा आठला गुल.

ओळीच्या टोकाला उद्धवराव राहतात. कारखान्यात चार्जमन आहेत. त्यांच्या खिशात पेन नसतं, स्क्रू-ड्रायव्हर असतो. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी कोणालाच काही सांगत नाही. पण ते स्टूल घेऊन आले.

"मास्तर, हा लोडचा घोळ आहे," ते स्टुलावरून म्हणाले. "आपल्या कारखान्यात मोठ्या मोटारी सुरू झाल्या की तुमचा दिवा बसणार."

"मग बाकीच्या आठ घरांचे दिवे बसत नाहीत ते?" हे मी विचारलं नाही. मनात आलं होतं. पण यंत्रातल्या माणसाला यंत्राबद्दल विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं.

उद्धवरावांनी होल्डर सोडवला, आतली स्प्रिंग ताणली, तोंडानं फुंकर मारली आणि होल्डर परत बसवताना छताचा परडीभर चुना इतिहासाच्या वहीवर पाडला. त्या दिवशी दिवा आठलाच गेला. ते म्हणाले, "आता निदान कळलं तरी, की स्प्रिंगचा दोष नाही."

ओळीतल्या मंजुळाबाईंनी दुसऱ्या दिवशी बटणाला लिंबू-मिरची बांधली. कोणा तिसऱ्यानं उंदराचा संशय घेतला. उंदरांनी तार कुरतडली असेल तर दिवा कायमचा जाईल, वेळ पाहून ये-जा करणार नाही, असं मला वाटलं. पण उंदरांबद्दलही मला खात्रीनं काही सांगता येत नाही.

तेव्हा मी कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"दिवा लागत नाही?"

"लागतो."

"मग तक्रार काय?"

"जातो."

"गेला तर लागत नाही म्हणा की. आमच्याकडे दोन सदरं आहेत. 'दिवा लागत नाही' आणि 'दिवा मंद लागतो'. यातलं कुठलं लिहू?"

"लागतो, पण जातो," मी म्हणालो. माझा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"तसं सदर नाही."

मागे सातजण उभे होते. मी 'दिवा मंद लागतो' वर सही करून आलो. हा माझ्या हातून झालेला पहिला खोटेपणा. त्याची बोच मला फार दिवस राहिली.

आठ दिवसांनी कंपनीचा माणूस आला, सकाळी अकराला. त्यानं बटण दाबलं. दिवा लागला नाही. "बल्ब गेलाय," तो म्हणाला आणि निघून गेला. मी नवा बल्ब आणला. संध्याकाळी नवा लागला. मग सहज म्हणून जुना लावून पाहिला, तोही लागला! दुसऱ्या अर्जावर तोच माणूस पुन्हा आला, दुपारी. त्यानं बटण दाबलं तर दिवा असा काही लखलखला की मला माझीच लाज वाटली. त्यानं वहीत 'दिवा उत्तम' असं लिहून माझी सही घेतली. तो कोपऱ्यावरून वळला आणि दिवा गेला. मी धावत दारापर्यंत गेलो. हाक मारायला मात्र तोंड उघडेना. रस्त्यावर हाका मारणं मला जमत नाही. तिसऱ्या अर्जावर कोणी आलंच नाही.

आता माझ्यासारख्या माणसाला एकच गोष्ट जमते, ती मी केली. टिपण ठेवलं. रोज दिवा किती वाजता लागला, किती वाजता गेला, त्या दिवशीची तिथी, वारा, पाऊस, सगळं. दोन महिन्यांची टिपणं मांडल्यावर दिव्याला नियम आहे हे मला स्पष्ट दिसलं. तीन आठवड्यांचं चक्र होतं. मी ते शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्षांत बसवून पाहिलं, बसलं नाही. नक्षत्रांशी थोडं बसलं, पण श्रवणाला चुकलं. मी पंचांगकर्त्यांच्या गणिताबद्दल शंका घेण्यापर्यंत आलो होतो.

ही सगळी धडपड चालू असताना भिंतीपलीकडे दौलतरावांचं घर होतं.

दौलतराव चाकणकडचे. कारखान्यात पाळीवर जातात. त्यांची बायको कुशाबाई. भिंत एक विटेची, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू न येणं आमच्या हातात नव्हतं. दर महिन्याला बिल आलं की दौलतरावांचा आवाज चढे.

"एका दिव्याला एवढं बिल येतं व्हय? मी कामावर गेलो की दिवसभर जाळत बसतीस का काय?"

"आवं, न्हाई वो! अंधारात बसती मी."

"मंग युनिट काय भुतानं जाळली?"

हे ऐकलं की मी मोठ्यानं वाचू लागे, म्हणजे आपण ऐकत नाही हे त्यांना कळावं. आणि नंतर हिला हळूच म्हणे, "बिचारी. माणसानं बायकोवर विश्वास ठेवू नये म्हणजे काय! आपल्याकडे नाही असलं." ही इतिहासाचं पान उलटत असे.

आणि मग ते पत्र आलं. 'किंवा कसे.'

मुदत तीस दिवसांची होती. हिची परीक्षा त्यानंतर बारा दिवसांनी. म्हणजे ऐन उजळणीच्या वेळी जोडणी जाणार! जाणारा-येणारा का होईना, दिवा होता, तोही जाणार. मी उत्तर लिहायला बसलो. पहिला खर्डा कडक झाला. दुसरा इतका मवाळ झाला की त्यात मी कंपनीचे आभार मानले होते. तिसऱ्यात 'युनिट' हा शब्द नपुंसकलिंगी घ्यावा का, यावर अडलो. असे अकरा खर्डे झाले. पण खरी अडचण निराळीच होती. मीटरवर युनिट का पडत नाही, हे मला माहीत नव्हतं. जे माहीत नाही त्याचा खुलासा मी कसा करणार? मी वीज वापरतो असं लिहावं तर मीटर मला खोटा पाडतो. वापरत नाही असं लिहावं तर दिवा.

उद्धवराव म्हणाले, "सोपं आहे, मास्तर. पाच महिने गावी होतो म्हणून लिहून टाका."

"पण मी तर इथंच होतो. त्यांच्याच वहीत माझ्या सह्या आहेत."

"त्यांच्या वह्या त्यांनाच सापडत नाहीत, राव!"

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी दिवा नव्हता. ही दारात कंदील घेऊन त्रैराशिक सोडवत होती. पलीकडे दौलतरावांना सुट्टी होती आणि बिल आलेलं होतं. आवाज नेहमीपेक्षा चढला.

"बोलू नका जास्ती!" कुशाबाईही आज चढली होती. "ह्ये बगा, ह्यो तुमचा दिवा. ह्यो लावला!"

आमचा दिवा लागला.

"आन् ह्यो घालिवला!"

आमचा दिवा गेला.

"येवढंच जळतंय माझं! ह्यो लावला... ह्यो घालिवला! मोजा आता युनिट!"

छताकडे पाहत मी उभाच राहिलो. लागला, गेला. लागला, गेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजची तिथी कुठली?

"अहो," ही म्हणाली, "ती बोलतेय तसा आपला दिवा वागतोय."

"योगायोग असेल."

हिनं पेन्सिल ठेवली, उठली आणि माझ्याकडे न पाहता दौलतरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. पाच महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात दिवा आहे की नाही हे डोकावून पाहणं मला असभ्य वाटतं. एवढ्याशा सभ्यतेपायी मी नक्षत्रं तपासत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी बन्सीला आणलं. बन्सी वायरमन, बोलणं तुटक. तो स्टुलावर चढला, पट्टी उचकटली, उतरला, दौलतरावांकडे गेला, परत आला.

"मास्तर, तुमच्या मीटरला घर न्हाई."

"म्हणजे?"

"नुसता भिंतीवर लटकलाय. कंत्राटदाराच्या मान्सानं तुमचा दिवा पलीकडच्या दिव्यावरनं जोडलाय, भिंतीतनं. त्यांचं बटन चालू तर तुमचा दिवा. त्यांचं बंद, तर तुमी अंधारात."

सगळं एकदम उजेडात आलं. पहिली पाळी असली की पहाटे उठायचं म्हणून दौलतराव आठला दिवा मालवून झोपणार. दुसरी पाळी असली की दुपारी दिवा लावून कपडे करणार, तो मालवून निघणार, संध्याकाळी घरात नसणार, आणि कुशाबाई बोलणी नकोत म्हणून अंधारात बसणार. तिसऱ्या पाळीला रात्री दहानंतर घरातून निघणार, तोवर दिवा. तीन आठवडे, तीन पाळ्या! माझं नक्षत्रांचं चक्र कारखान्याच्या नोटीस-बोर्डावर टांगलेलं होतं. आणि कुशाबाई जितकी बोलणी खाई तितका दिवा कमी जाळी, आणि ती जितका कमी जाळी तितका मी कंपनीवर जास्त चिडे.

इतका वेळ माझ्याकडे जो संताप होता तो ठेवायला आता जागाच उरली नाही. सगळे पलीकडे गेलो, तर पाच महिने ज्याच्या विजेखाली बसून मी त्याच्या बायकोशी वागण्यावर टीका केली, तो माणूस त्याच्या घरात समोर बनियनवर उभा होता.

दौलतराव मात्र माझ्यावर रागावले नाहीत. ते कंत्राटदारावर रागावले, घरमालकावर रागावले आणि मग कुशाबाईकडे पाहून म्हणाले, "आता मला काय ठाऊक!"

कुशाबाई चुलीकडे तोंड करून बसली होती.

मग सल्लामसलत झाली. बन्सी म्हणाला, तो दहा मिनिटांत तार बदलून देतो, कुणाला कळणार नाही. उद्धवराव म्हणाले, मग गावी होतो असं लिहा, म्हणजे मिटलं. खरं लिहिलं तर कंपनी चोरीची वीज म्हणून दोन्ही घरांची जोडणी कापेल, चौकशी लागेल, वर्षभर दिवा नाही. परीक्षा चौदा दिवसांवर. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान खाली घातली.

मी घाबरट माणूस आहे. मी बारावा खर्डा लिहिला. 'आम्ही उभयता गेले पाच महिने गावी असल्याने विजेचा वापर झाला नाही.' पहिल्यांदाच खर्डा एका दमात झाला, एक खाडाखोड नाही. खोट्याला फारशी दुरुस्ती लागत नाही असं दिसतं. सगळे बसलेच होते, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला. उद्धवराव म्हणाले, "फस्क्लास!"

तेव्हा कुशाबाई वळली.

"मास्तर, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी गावी हुता. मंग ती युनिट कुनी जाळली?"

उद्धवराव खिशातला स्क्रू-ड्रायव्हर चाचपू लागले.

"म्हंजी मीच जाळली. कागदावर मीच, व्हय ना? पाच म्हैनं मी अंधारात बसले वो. आंधारात भाकरी केली, आंधारात जेवले. पोरं सुट्टीला आली तरी दिवा लावला न्हाई. आन् आता सरकारी कागदावर बी मीच?"

"अगं, कंपनीच्या कागदात तुझं नावबी न्हाई," दौलतराव म्हणाले.

"तेच म्हंते! नाव घाला माझं. ल्ह्या, कुशाबाईनं एक दिवा बी उगाच जाळला न्हाई. तसं ल्ह्या आन् ह्यांची सही घ्या खाली."

"माझी सही कशाला?"

"तुमी बोलला न्हाई का मला? सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं? मंग सही बी सगळ्यांम्होरं करा."

मी हिच्याकडे पाहिलं. हिनं बारावा खर्डा माझ्या हातातून घेतला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी आखल्या, म्हणाली, "हं. सांगा. अर्जलेखन मला सहा मार्कांना आहे."

"पण जोडणी गेली तर?"

"गेली तर एक आणि नऊ पाठ करीन," ही म्हणाली. "सांगा तुम्ही."

मी सांगितलं, हिनं लिहिलं. मला 'किंवा कसे' ला एक टोला हाणायचा होता, तो हिनं लिहिला नाही. पत्र असं झालं :

'आपण विचारले त्याचे उत्तर : होय, आम्ही विजेचा वापर केला. तो शेजारच्या मीटरवरून झाला, कारण कंत्राटदाराने तार तशी जोडली. हे आम्हांस काल कळले. आमच्या वापराचा आकार आमच्याकडून घ्यावा. शेजारच्या कुशाबाईंनी या पाच महिन्यांत एकही दिवा विनाकारण जाळला नाही. उलट त्या बहुतेक संध्याकाळी अंधारात बसल्या. आपला माणूस पाहणीस येईपर्यंत आम्ही तारेला हात लावणार नाही. तो संध्याकाळी पाठवावा.'

मी सही केली. दौलतरावांनी पेन हातात धरलं, पत्र पुन्हा एकदा वाचून घेतलं, 'बहुतेक संध्याकाळी अंधारात बसल्या' इथं थांबले आणि मग खूप वेळ लावून सही केली. त्यानंतर कोणाकडे न बघता म्हणाले, "मास्तर, त्यो मानूस येईस्तवर माझं बटन दहापत्तूर चालू राहील. वैनींचा अभ्यास होऊ द्या. मी डोळ्यांवर पंचा टाकून झोपीन."

"घोरता येतं न्हवं पंच्याखाली?" कुशाबाई म्हणाली. पाच महिन्यांत मी तिचा हसरा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि तोही भिंतीच्या पलीकडे, तिच्याच घरात बसून.

पत्र टाकायला मी स्टेशनवर निघालो तर कुशाबाई डोक्यावर पदर घेऊन मागोमाग आली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता आणि त्याबद्दल मी तिला दोष देऊ शकत नाही. पेटीशी उभा राहिलो. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि माझ्या मनात आलं, 'आकार' या शब्दाऐवजी 'रक्कम' हवं होतं का? चोरीची वीज म्हणून खरंच जोडणी कापली तर? 'काल कळले' यावर त्यांचा विश्वास बसेल का? माझा स्वतःचा बसला नसता.

"मास्तर," कुशाबाई म्हणाली, "सोडा की आता."

मी सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आम्हां दोघांनाही ऐकू आला.